गुरूनें कोणाचें व्हावें?

कांहीं प्रश्न असे असतात कीं, ते ग्रंथांत वाचीत असतां त्यांचीं उत्तरें मनुष्यास तेव्हांच सुचतात. पण तेच प्रश्न ओटीवर येऊन बसले म्हणजे त्याच मनुष्याची वाचा बसते. शिकविणाराची निष्ठा कोणाशीं असावी, हा अशांपैकींच एक प्रश्न होय. आज पंचवीस-तीस वर्षें आम्ही महाविद्यालयांत शिकवीत आहों. निष्ठा, ऋण, कर्तव्य या शब्दांच्या व्याख्या आम्हीं विद्यार्थ्यांच्या किती पिढ्यांस उतरून घ्यावयास लावल्या असतील, त्याची गणती नाहीं. परंतु गेल्या चैत्रांत आमच्या अष्टागरांतील एका गांवच्या चार वडीलधाऱ्या मंडळींनीं आमच्या घरीं येऊन जो प्रश्न टाकला, त्याचें धड उत्तर आम्हांस त्या वेळीं देतां आलें नाहीं. तें उत्तर शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर कबड्डी हा नुसता वेळ घालविण्याचा खेळ नाहीं, हें तेथें राहणारास सांगावयास नको. ओहोटी लागून ओली वाळू उघडी पडली कीं मुलें पायानें रेघा ओढून डाव मांडतात. आणि जत्रेच्या दिवसांत देवळापुढल्या पटांगणांत दिव्यांच्या उजेडांत रात्र रात्र सामने चालतात. पुष्कळ संघांच्या नांवांत ग्रामदैवताचें नांव गुंफलेलें असतें; त्यामुळें संघ हरला म्हणजे गांवाला तें केवळ अकरा-बारा पोरांचें हरणें वाटत नाहीं. अशा एका गांवांत एक गृहस्थ आहेत. तरुणपणीं पकडीसाठीं त्यांचें नांव सगळ्या तालुक्यांत होतें. पुढें गुडघा गेला आणि खेळ सुटला. पण विद्या सुटली नाहीं. संध्याकाळीं ते गांवच्या मुलांस शिकवूं लागले. चार-पांच वर्षें हें चाललें. मग मंडळांत दोन तट पडले आणि त्या ओढाताणींत यांची शिकवणी बंद पडली. खाडीपलीकडच्या गांवच्या मुलांनीं त्यांस बोलाविलें, ते गेले. गेल्या चैत्रांत त्या मुलांनीं यांच्या गांवच्या संघास यांच्याच जत्रेंत, यांच्याच देवळापुढें हरविलें. झालें! कालपर्यंत ज्यांस लोक गुरुजी म्हणत ते एका रात्रींत घरभेदी ठरले.

मंडळी आमच्याकडे आली ती "सर, तुम्ही शिकलेलीं माणसं; त्यांना चार शब्द समजावून सांगा," असें म्हणत. आम्हीं शहाणपणाचा आव आणून सांगितलें कीं, खेळ आहे, तो खेळासारखा घ्यावा. मंडळी उठली. पायऱ्या उतरतां उतरतां त्यांतील एक वृद्ध मागें वळून म्हणाले, "तुमच्या कॉलेजांत असं झालं असतं, तर तुम्ही खेळासारखं घेतलं असतं काय?" हा प्रश्न आम्हांस फार लागला. कां लागला, तें पुढें योग्य ठिकाणीं सांगूं.

हाच प्रश्न सर्व देशाच्या डोळ्यांसमोर, आणि कितीतरी मोठ्या प्रमाणावर, २०२२ सालच्या जून महिन्यांत बेंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानावर उभा राहिला होता. रणजी करंडकाचा अंतिम सामना त्या वर्षीं मुंबई आणि मध्य प्रदेश यांच्यामध्यें झाला. मुंबईनें हा करंडक तोंवर ४१ वेळां जिंकलेला; मध्य प्रदेशानें एकदांही नाहीं. आणि मध्य प्रदेशाच्या बाजूस प्रशिक्षक म्हणून जे बसले होते, ते चंद्रकांत पंडित मूळचे मुंबईचेच.

पंडितांचा जन्म १९६१ सालीं मुंबईंत झाला. शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकरांच्या हाताखालीं ते घडले. यष्टिरक्षक आणि फलंदाज या दोन्ही नात्यांनीं १९८६ पासून १९९२ पर्यंत ते भारताकडून ५ कसोटी आणि ३६ एकदिवसीय सामने खेळले. किरण मोरे यांच्यासारखा यष्टिरक्षक समकालीन असल्यामुळें संघांत त्यांस कायमची जागा अशी लाभली नाहीं. दार उघडलें, आंत पाऊल पडलें, पण बैठक मांडतां आली नाहीं, अशा कित्येक गुणी खेळाडूंपैकीं ते एक होत. कारकीर्दीच्या उत्तरार्धांत ते मध्य प्रदेशाकडून खेळूं लागले आणि त्या संघाचे कर्णधार झाले. १९९८-९९ च्या हंगामांत तो संघ अंतिम सामन्यापर्यंत पोंचला. स्थळ हेंच चिन्नास्वामी मैदान, प्रतिस्पर्धी कर्नाटक. पहिल्या डावांत कर्नाटकानें ३०४ धावा केल्या, मध्य प्रदेशानें ३७९. या स्पर्धेचा नियम असा कीं, अंतिम सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावांत आघाडी घेणाऱ्या संघास करंडक मिळतो. दुसऱ्या डावांत कर्नाटकानें ३२१ धावा केल्यावर मध्य प्रदेशास जिंकण्याची गरज नव्हती. नुसतें खेळ संपेपर्यंत टिकावयाचें होतें. तेवढेंच झालें नाहीं. विजय भारद्वाज या गोलंदाजानें सहा गडी बाद केले, सारा डाव १५० धावांत आटोपला, आणि ७५ धावांची आघाडी घेतलेला संघ ९६ धावांनीं हरला.

पुढें पंडित प्रशिक्षक झाले. प्रथम आपल्या जन्मभूमीचेच: २००२-०३, २००३-०४ आणि २०१५-१६ या तीन हंगामांत मुंबईनें रणजी करंडक जिंकला तेव्हां शिकविणारे तेच होते. २०१६-१७ मध्यें मुंबई अंतिम सामन्यांत गुजरातकडून हरली आणि पंडितांचें मुंबईशीं असलेलें नातें संपलें. ते विदर्भास गेले. १९५७-५८ पासून रणजी स्पर्धेंत खेळणाऱ्या आणि एकदांही अंतिम सामना न पाहिलेल्या विदर्भानें १ जानेवारी २०१८ रोजीं इंदूर येथें दिल्लीस हरवून करंडक जिंकला, आणि पुढच्याच हंगामांत नागपुरास सौराष्ट्राला हरवून तो राखला. त्यानंतर पंडित मध्य प्रदेशाकडे आले. २६ जून २०२२ रोजीं, तेवीस वर्षांपूर्वीं ज्या मैदानावर हातचा करंडक गेला त्याच मैदानावर, मध्य प्रदेशानें मुंबईस सहा गडी राखून हरविलें. पंडितांच्या डोळ्यांस पाणी आलें. खेळाडूंनीं त्यांस खांद्यावर उचललें.

वृत्तपत्रांनीं या प्रसंगाचें वर्णन बहुधा एका जुन्या शल्याचा निरास म्हणून केलें, आणि तें सुंदरही होतें. पण अष्टागरांतील त्या वृद्धाच्या डोळ्यांनीं पाहिलें म्हणजे चित्र पालटतें. ज्या शहरानें चेंडू हातीं दिला, ज्या मैदानावर गुरूनें घडविलें, त्या शहराचा पराभव करून हा मनुष्य रडला तो आनंदानें! यास काय म्हणावें?

पहिला आरोप असा येतो कीं, हे भाडोत्री गुरु. वेतन देईल त्याचे ते. आपल्याकडे विद्या विकण्यास फार जुन्या काळापासून नांवें ठेविलीं आहेत. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रा'च्या पहिल्या अंकांत गणदास आणि हरदत्त हे दोन नाट्याचार्य श्रेष्ठत्वासाठीं भांडत राजासमोर येतात. त्यांतील गणदासाच्याच तोंडीं असा अभिप्राय आहे कीं, ज्याची विद्या केवळ पोट भरण्यापुरती तो ज्ञानाचें दुकान मांडलेला वाणी होय. परंतु लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, असें म्हणणारा गणदास स्वतः राजाच्या पदरीं वेतन घेऊन राहिलेला आहे, आणि कवीनें त्यास दोष दिलेला नाहीं. सारा भार 'केवळ' या शब्दावर आहे. वेतन घेणें वेगळें आणि वेतनापुरतेंच शिकविणें वेगळें. त्याच अंकांतील परिव्राजिका आणखी एक मार्मिक गोष्ट सांगते: कोणाची कला स्वतः करून दाखविण्यांत शोभते, कोणाची ती दुसऱ्यांत उतरविण्यांत; दोन्ही ज्यास साधतात त्यास शिक्षकांत अग्रस्थान द्यावें. म्हणून त्या दोन आचार्यांची परीक्षा ठरते ती त्यांच्या स्वतःच्या नृत्याची नव्हे, तर त्यांच्या शिष्यांच्या नृत्याची. ही कसोटी आचरेकरांना लावून पाहा. प्रथम दर्जाचा एकच सामना खेळलेल्या या मालवणच्या मनुष्याचें सारें क्रिकेट दुसऱ्यांच्या हातांतून खेळलें गेलें. ज्याची कला दुसऱ्यांत उतरावयाची, त्यास 'तूं फक्त आमच्याच मुलांत उतर' असें सांगण्याचा अधिकार कोणास आहे? नदीला गांव नांव देतो. पण पाणी आपल्याच शेतांत मुरावें, असें त्यास म्हणतां येत नाहीं.

उलट बाजूचें उदाहरण पाहावयाचें तर द्रोणाचार्यांचें पाहावें. खेळांतील उत्तम शिक्षकांस आपलें सरकार १९८५ पासून जो पुरस्कार देतें तो त्यांच्याच नांवाचा आहे, आणि आचरेकरांस तो १९९० सालीं मिळाला होता. आम्हांस त्या नांवाची नेहमींच थोडी गंमत वाटत आली आहे. कारण गुरूची निष्ठा कोणाशीं, हा प्रश्न द्रोणांइतका दुसऱ्या कोणाच्याही आयुष्यांत विस्कटलेला नाहीं. राजपुत्रांशीं निष्ठा राखण्यासाठीं त्यांनीं एकलव्याचा आंगठा मागून घेतला. पुढें युद्धाच्या आरंभीं युधिष्ठिर नमस्कारास आला तेव्हां मनुष्य अर्थाचा दास असतो आणि कौरवांच्या अर्थानें आपण बांधलेले आहोंत, अशी कबुली देऊन ते आपल्या सर्वांत आवडत्या शिष्याच्या विरुद्ध उभे राहिले. म्हणजे एकदां शिष्यासाठीं त्यांनीं विद्येचा घात केला, आणि एकदां मिठासाठीं शिष्यांचा त्याग केला. पण याच द्रोणांच्या आयुष्यांत एक तिसरी गोष्ट आहे, तिची आठवण आपण फारशी काढीत नाहीं. आपल्या वधासाठींच जन्मलेला द्रुपदाचा पुत्र धृष्टद्युम्न यास त्यांनीं आपल्या घरीं ठेवून घेऊन अस्त्रविद्या शिकविली. आमच्या मतें द्रोण खरे आचार्य शोभले ते या एका जागीं. शिकावयास आलेला मनुष्य कोणाचा मुलगा आणि उद्यां तो कोणावर शस्त्र धरील, हें त्यांनीं तेथें विचारलें नाहीं.

येथें कोणी म्हणेल कीं, हें बोलणें धोक्याचें आहे. असें असेल तर शत्रूच्या सैन्यासही शिकवावें काय? आमचें उत्तर असें कीं, धृष्टद्युम्नाला शिकवितांना द्रोणांनीं पणास लाविला तो स्वतःचा प्राण. तो लावण्याचा त्यांस अधिकार होता. दुसऱ्यांचे प्राण पणास लावण्याचा अधिकार विद्येस नाहीं. जेथें हरणाराचें घर मोडतें, गांव जळतो, तेथील न्याय निराळा. खेळाच्या मैदानावर हरलेला संघ दुसऱ्या दिवशीं सकाळीं पुन्हां सरावास येऊं शकतो. आणि म्हणूनच तेथें आपल्या माणसांविरुद्ध शिकविणें हा देशद्रोह होत नाहीं.

आतां थोडें समुद्रापलीकडे पाहूं. पोर्तुगालचें नांव आमच्या किनाऱ्यास परकें नाहीं. चौल-रेवदंड्यास पोर्तुगीज १५२१ पासून १७४० पर्यंत होते. रेवदंड्याच्या तटाच्या भिंती आजही माडांच्या बागांमधून उभ्या आहेत, आणि कुंडलिकेच्या पलीकडे कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तींत पोर्तुगीजमिश्रित बोली घरांघरांतून बोलली जाते. त्या पोर्तुगालांत, लिस्बन शहरीं, १९६९ सालीं जन्मलेले पाउलो बेंतो हे फुटबॉलच्या मधल्या फळींतील खेळाडू होते. गोल करून टाळ्या घेण्याचें नव्हे, तर प्रतिपक्षाची चाल अडवून चेंडू पुढच्यांच्या हवालीं करण्याचें काम त्यांचें. आपल्या देशाकडून ते ३५ सामने खेळले. २००२ सालच्या विश्वचषकांत दक्षिण कोरियानें पोर्तुगालला एका गोलानें हरवून स्पर्धेबाहेर घातलें, तेव्हां ते मैदानावर होते. आणि देशासाठीं खेळलेला त्यांचा तो शेवटचा सामना ठरला. पुढें ते प्रशिक्षक झाले. लिस्बनच्याच स्पोर्टिंग संघास त्यांनीं शिकविलें. २०१० पासून २०१४ पर्यंत स्वदेशाच्या राष्ट्रीय संघाचे ते शिक्षक होते, आणि २०१२ च्या युरोपीय स्पर्धेंत त्यांनीं तो संघ उपांत्य फेरीपर्यंत नेला. मग २०१८ सालीं ते शिक्षक झाले ते नेमके त्या दक्षिण कोरियाचे! २ डिसेंबर २०२२ रोजीं कतार येथें विश्वचषकांत कोरिया आणि पोर्तुगाल समोरासमोर आले. आधींच्या सामन्याच्या अखेरीस पंचाशीं वाद घातल्यामुळें बेंतो यांस लाल कार्ड मिळालें होतें. म्हणून त्या दिवशीं त्यांस आपल्या शिष्यांजवळ उभें राहण्याचीही मुभा नव्हती. ज्या देशाकडून खेळले आणि ज्या देशास शिकविलें, त्या दोहोंचा सामना त्यांनीं वर प्रेक्षकांत बसून पाहिला. पोर्तुगालनें आधीं गोल केला, कोरियानें बरोबरी केली, आणि नव्वद मिनिटें उलटून गेल्यावर ह्वांग ही-चान यानें दुसरा गोल करून कोरियास पुढील फेरींत नेलें.

पोर्तुगालची पुढील फेरी आधींच निश्चित झाली होती, तेव्हां बेंतो यांची परीक्षा पंडितांच्या मानानें सोपी झाली, हें खरें. पण प्रेक्षकांत बसलेल्या त्या मनुष्याचें चित्र आम्हांस फार बोलकें वाटतें. शिकविणाराची जागा शेवटीं तीच. त्याच्या हातीं चेंडू नसतो. बाजू त्याची असते आणि नसतेही. आणि या दोन्ही कथांवरून एक गोष्ट ध्यानांत येते कीं, मनुष्यास ऋण एकच नसतें. पंडितांस मुंबईचें ऋण होतें. तसें, १९९९ सालीं ज्यांच्या विश्वासास कर्णधार या नात्यानें ते पुरे पडूं शकले नाहींत त्या मध्य प्रदेशाचेंही होतें. गांवकरी म्हणतात कीं निष्ठा एक असावी. संसारांतील अनुभव असा कीं निष्ठा अनेक असतात, आणि एकीस जागलें कीं दुसरी दुखावते. जो म्हणतो कीं, मला कांहींच दुखलें नाहीं, त्याच्याच निष्ठेविषयीं आम्हांस शंका येते.

मग शिकविणारानें कोणाचें व्हावें? आमचें उत्तर असें: जो समोर शिकावयास बसला आहे त्याचें. शिकवितांना हातचें राखून, 'हें मात्र आमच्या गांवच्यांसाठीं ठेवूं' असें मनांत म्हणणारा गुरु दोघांशींही अप्रामाणिक असतो. अर्धी विद्या देऊन पूर्ण वेतन घेणें ही चोरीच. आणि ती चोरी जन्मभूमीच्या नांवावर केल्यानें पवित्र होत नाहीं. पंडितांनीं मध्य प्रदेशाच्या मुलांस मुंबईविरुद्ध थोडें कमी शिकविलें असतें, तर त्यांत मुंबईचाही गौरव झाला नसता. मुंबईच्या मैदानांनीं त्यांस जी शिस्त शिकविली तींत अर्धवट काम बसत नाहीं.

पण येथेंच थांबतां येत नाहीं. कारण एक भेद राहिला आहे, आणि आमच्या पोटांतील सल तोच आहे.

आमची पहिली नोकरी एका लहान गांवच्या महाविद्यालयांत होती. तेथें सहा वर्षें काढलीं. वक्तृत्वाच्या आणि वादविवादाच्या स्पर्धांसाठीं मुलें तयार करण्याचें काम आमच्याकडे असे. पुढें दुसऱ्या महाविद्यालयांत कायमची आणि चांगल्या पगाराची जागा मिळाली, आम्ही गेलों. जुन्या ठिकाणचे कांहीं सहकारी 'खाल्ल्या मिठाला जागले नाहींत' असें म्हणाल्याचें कानीं आलें. पण त्याचें आम्हांस वाईट वाटलें नाहीं, व आजही वाटत नाहीं. दुसऱ्याच वर्षीं एका मोठ्या स्पर्धेंत दोन्ही महाविद्यालयांच्या मुलांची गांठ पडली. जुन्या महाविद्यालयाचा मुख्य वक्ता आमचाच विद्यार्थी होता. लहानपणीं तो तोतरा होता. मेहनतीनें त्यानें जिभेवर ताबा मिळविला होता. एकदां सायंकाळीं फिरावयास गेलों असतां त्यानें आम्हांस सांगितलें होतें कीं, 'बोलण्याच्या ओघांत असलों म्हणजे मला कांहीं होत नाहीं. पण कोणी मध्येंच अडवलें कीं पहिलें अक्षर अडकेल अशी भीति वाटते.' हें त्यानें आम्हांसच सांगितलें होतें. बहुधा घरींही सांगितलें नसेल. स्पर्धेच्या आदल्या रात्रीं आम्हीं आपल्या नव्या विद्यार्थ्यांस सांगितलें: "त्याला सरळ बोलूं देऊं नका. दुसऱ्याच वाक्याला प्रश्न विचारा." त्यांनीं विचारला. तो मुलगा थांबला. त्याचे ओठ हालले, शब्द आला नाहीं. सभागृहांत कोणीतरी हसलें. त्यानें पहिल्या रांगेंत बसलेल्या आमच्याकडे पाहिलें, आणि आम्हीं खालीं पाहिलें. ढाल आमच्या महाविद्यालयानें जिंकली.

अष्टागरच्या त्या वृद्धाचा प्रश्न आम्हांस कां लागला, तें आतां वाचकांस समजलें असेल. पुष्कळ वर्षें आम्ही आमचा अपराध चुकीच्या जागीं शोधीत होतों. आपण महाविद्यालय सोडलें, विरुद्ध बाजूस उभे राहिलों, हें चुकलें काय, असें मनास विचारीत होतों. आणि तेथें अपराध सांपडत नाहीं म्हणून मनाची समजूत घालीत होतों. अपराध त्या ठिकाणीं नव्हताच. वक्तृत्व ही आमची विद्या. ती कोणासही देण्यास आम्ही मोकळे होतों. पण त्या मुलाची भीति ही आमची विद्या नव्हती. ती त्यानें आमच्याकडे ठेवलेली ठेव होती. गुरु-शिष्यांत दोन प्रकारचें धन फिरत असतें: एक गुरूकडून शिष्याकडे जातें, तें ज्ञान; दुसरें शिष्याकडून गुरूकडे येतें, तो विश्वास. पहिलें जितक्यांस वाटावें तितकें थोडें. दुसरें एकासही वाटतां येत नाहीं. बिभीषणाची रामाच्या पक्षांत जाण्याबद्दल आजवर कोणी गंभीरपणें निंदा केली नाहीं. तरी लोकांच्या तोंडीं 'घरका भेदी' राहिलाच, तो लंकेचीं मर्में सांगितल्यामुळें. आणि भीष्मांनीं आपल्या मरणाचा उपाय पांडवांस सांगितला तरी त्यांस कोणी भेदी म्हटलें नाहीं. कारण तें मर्म त्यांचें स्वतःचें होतें.

येथवर विचार आल्यावर, गुरूनें कोणाचें व्हावें या प्रश्नाची धार थोडी बोथट होते. तो बाजू बदलूं शकतो. पूर्वींच्या शिष्याचा पूर्वींचा गुरु मात्र तो होऊं शकत नाहीं. तें नातें करारासारखें मुदत संपली म्हणून संपत नाहीं. २०२२ च्या त्या सामन्यांत मुंबईच्या बाजूस प्रशिक्षक होते अमोल मुजुमदार, तेही आचरेकरांचेच शिष्य. प्रथम दर्जाच्या सामन्यांत ११,००० हून अधिक धावा करूनही त्यांस भारताकडून एकदांही खेळावयास मिळालें नाहीं. म्हणजे दोन्ही तंबूंत एकाच गुरूची विद्या समोरासमोर उभी होती. आचरेकर २ जानेवारी २०१९ रोजीं निवर्तले होते. ते असते तर त्यांनीं कोणाचा जय इच्छिला असता? आम्हांस वाटतें, त्यांनीं दोघांच्याही चुका मोजल्या असत्या. हरलेले मुजुमदार पुढें भारतीय महिला संघाचे प्रशिक्षक झाले, आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजीं नवी मुंबईंत त्या संघानें दक्षिण आफ्रिकेस हरवून विश्वचषक जिंकला. शिवाजी पार्कच्या मातीचें ऋण मध्य प्रदेशांत फेडलें गेलें कीं नवी मुंबईंत, याचा हिशेब कोण मांडणार?

हें सारें मनांत जुळल्यावर आम्ही एका संध्याकाळीं त्या कबड्डीच्या गुरुजींकडे गेलों. ते अंगणांत जाळें विणीत बसले होते. आम्हीं आडवळण न घेतां विचारलें, "गांवच्या मुलांच्या उणिवा तुम्हांस ठाऊक होत्या. त्या तुम्हीं पलीकडच्या मुलांस सांगितल्यात काय?"

त्यांनीं सुई खालीं ठेवली. म्हणाले, "पाय कसा टाकायचा, साखळी कशी धरायची, तें सगळं सांगितलं. कांहीं ठेवलं नाहीं. ठेवून कोणाला देऊं? बाकी आमच्या पोरांचं म्हणाल, तर एकच सांगितलं. आमच्यांत एक पोरगा आहे, सरावाला माझ्यासमोर त्याचा खांदा निखळला होता. घरीं ठाऊक नाहीं, आई खेळूं देणार नाहीं म्हणून त्यानं सांगितलं नाहीं. मी ह्यांना बजावलं, तो चढाईला आला कीं हात ओढायचा नाहीं; कमरेला धरा, नाहीं तर सोडून द्या. त्यानं दोन गुण घेतले त्या रात्रीं. घेऊं देत."

आम्हांस पुढें कांहीं विचारावयाचें उरलें नाहीं. ज्या जागीं आम्हीं ठेव मोडली होती, त्या जागीं या न शिकलेल्या मनुष्यानें ती आपल्या संघाचे दोन गुण घालवून सांभाळली होती. घरीं आल्यावर आम्ही त्या जुन्या विद्यार्थ्यास पत्र लिहावयास बसलों. तें पत्र तीन वेळां फाडलें. चौथें टपालांत टाकलें आहे. त्याचें उत्तर यावें, अशी अपेक्षा करण्याचा अधिकार आम्हांस नाहीं.

गुरुजींचें म्हणणें आम्हीं त्या चार मंडळींस बोलावून सांगितलें. ऐकून मंडळी बराच वेळ गप्प बसली. मग त्या वृद्धांनीं हलक्या आवाजांत विचारलें, "पोरगा कुठला?"

तें नांव गुरुजींनीं आम्हांसही सांगितलें नव्हतें.